आईच्या बोटांचे ठसे व्हिसाच्या मशीनवर उमटत नाहीत. अर्ज नाकारतील का?

दोनदा प्रयत्न करूनही आईचे ठसे आले नाहीत, ‘त्या नीट दाबत नाहीत’ असं तिथल्या मुलाने सांगितलं आणि आता पुन्हा बोलावलंय, असं तुम्ही लिहिलंय. ते ‘नीट दाबत नाहीत’ वाचलं आणि राहवलं नाही.

माझ्या बाबांनी तीस वर्षं फरश्या बसवल्या. त्यातलं अर्धं काम थापीने होतं आणि अर्धं बोटांनी. सांध्यात पांढरं सिमेंट बोटानेच दाबत न्यायचं, जास्तीचं बोटानेच पुसून काढायचं. ओलं सिमेंट कातडी खातं आणि उरलंसुरलं वाळू घासून नेते. बाबांच्या उजव्या तर्जनीचं टोक हाताला अगदी गुळगुळीत लागतं, मधे फक्त एक जुनी आडवी चीर.

दादा युरोपात असतो. त्याच्याकडे जायला बाबांचा शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज केला. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून मला त्यांच्याबरोबर आत सोडलं. आधी उजव्या हाताची चार बोटं, मग डाव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे. पडद्यावर जिथे रेषा दिसायला हव्यात तिथे नुसते करडे डाग. “काका, दाबा. अजून दाबा,” मशीनवरचा मुलगा म्हणत होता. बाबा दाबत होते, नखं पांढरी पडेपर्यंत. मग त्या मुलाने स्पिरिटचा ओला कागद दिला, बोटं पुसायला लावली, आणि पुढचा ठसा आधीपेक्षा वाईट आला. पाचव्या की सहाव्या वेळी बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि मशीनची काच पुसली. आपल्याच हाताचा मळ लागला असेल, असं त्यांना वाटलं. तो क्षण मी विसरू शकत नाही.

त्या मुलाचं चुकलं ते सांगते, कारण तुमच्या आईच्या बाबतीतही तेच होत असणार. मशीन बोटावरच्या उंचवट्यांच्या रेषा टिपतं. जोरात दाबलं की उंचवटे चपटे होऊन एकमेकांना चिकटतात. झिजलेल्या बोटांवर उंचवटे मुळात कमी, तेही दाबून सपाट केले तर उमटणार काय? शिवाय कोरडी कातडी काचेला नीट टेकत नाही, रेषा तुटक येते, आणि स्पिरिट ती आणखी कोरडी करतं. झिजलेलं बोट हलकं टेकवायचं असतं. फार कोरडं वाटलं तर आधी कपाळावरून फिरवायचं, तिथलं जरासं तेल पुरतं.

आता दादाबद्दल. अपॉइंटमेंटच्या आधी त्याने फोनवर सांगितलं होतं, “बाबांना म्हणावं दोन दिवस वज्रीने बोटं घासा, मेलेली कातडी निघाली की ठसे स्वच्छ येतील.” मी नको म्हणत होते. पण दादाने सांगितलं म्हणून बाबांनी दोन संध्याकाळी बोटं लाल होईपर्यंत घासली. रेषांचा मूळ साचा कातडीच्या आतल्या थरात असतो, वरचं झिजलेलं काही आठवड्यांत बरंचसं भरून येतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. घासून तुम्ही उरलेलंच काढता. आणि ठसे आले नाहीत हे कळल्यावर दादा काय म्हणाला? “बाबांनी बोटं नीट ठेवली नसतील.”

दुसऱ्या खेपेला तीन आठवडे मिळाले. सिमेंट पूर्ण बंद, भांडी-कपडे धुणंही बंद, दिवसातून तीनदा हाताला क्रीम, रात्री व्हॅसलीन लावून सुती मोजे. त्या दिवशी सकाळी मात्र काहीही लावलं नाही, नाहीतर तेलकट थर रेषांमध्ये भरतो. या वेळी खिडकीत एक बाई होत्या. मी आधीच सांगितलं की बाबांचे ठसे झिजलेत. त्या म्हणाल्या, “काका, नुसतं टेकवा.” दहापैकी आठ बोटं आली. उजवी तर्जनी आणि डावा अंगठा नाहीच आला, तशी नोंद झाली, आणि व्हिसा मिळाला.

तुमचा प्रश्न नाकारण्याचा होता. शेंगेनच्या नियमात हे स्पष्ट आहे: शारीरिक कारणाने ठसे देणं अशक्य असेल तर सूट आहे, आणि दहापेक्षा कमी बोटं येत असतील तर येतील तेवढी घ्यायची. त्यांच्या प्रणालीत ‘ठसे द्यायची गरज नव्हती’ आणि ‘देता आले नाहीत’ या दोन नोंदी वेगवेगळ्या करता येतात. अडचण तात्पुरती असेल तर पुढच्या अर्जाच्या वेळी पुन्हा मागतात. म्हणून जखम, एक्झिमा असं काही असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा.

फोटो परत आल्याचंही तुम्ही लिहिलंय. सहा महिन्यांच्या आतला, चष्मा काढून, तोंड मिटून, मागे सावली न पडू देता पुन्हा काढा. शेंगेनला ३५ बाय ४५ मिलीमीटर, अमेरिकेला २ बाय २ इंच. अमेरिकेने १ नोव्हेंबर २०१६ पासून व्हिसाच्या फोटोत चष्मा बंदच केलाय.

तुम्ही देश लिहिलेला नाही आणि मी काही वकील नाही, त्यामुळे त्या देशाचा नियम बघूनच घ्या. कॅनडात साधारण १४ ते ७९ वयाच्या लोकांचे ठसे घेतात आणि व्हिजिटर व्हिसासाठी ते १० वर्षं चालतात. शेंगेनमध्ये १२ वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत, आणि एकदा दिलेले ५९ महिने वापरता येतात. आणखी एक: आईंचे कर्करोगाचे उपचार चालू असतील तर कॅपेसिटाबिन नावाच्या औषधाने ठसे पुसट होऊ शकतात. औषध अजिबात थांबवू नका, डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आईंना वज्री देऊ नका. कोणी कितीही सांगितलं तरी.

आणि दादा, तू हे वाचत असशील तर: बाबांनी बोटं नीटच ठेवली होती. मी शेजारीच उभी होते.