क्लच स्लिप होतोय: पूर्ण असेंब्ली टाकण्याआधी प्लेटा मोजा

तुमच्या पत्रानुसार गाडी १२५ सीसी, ४२,००० किमी झालेली. डबलसीट खंबाटकी चढताना चौथ्यात इंजिन ओरडतं, पण काटा पुढे सरकत नाही. केबल नवी टाकून झाली आणि गॅरेजवाला म्हणतोय पूर्ण क्लच असेंब्ली बदला. शेवटी जाता जाता लिहिलंय की मागच्या महिन्यात कारचं उरलेलं ऑइल भरलं. ते वाक्य खरं तर सगळ्यात वर हवं होतं.

मोटरसायकलचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. कारसाठीच्या अनेक तेलांत इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि क्लचला तर घर्षणच हवं असतं. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (तेलासाठीचं जपानी मानक) लिहिलेलं तेल घ्या. 'एमबी' स्कूटरसाठी आहे, ते इथे चालत नाही. मात्र तुमचा क्लच त्याआधी दोन महिन्यांपासून घसरतोय, म्हणजे तेलाने फक्त भर घातली. प्लेटा उघडाव्याच लागतील.

उघडण्यापूर्वी दोन मिनिटं लिव्हरकडे द्या. लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळी चाल हवी, आणि इंजिनवरचा क्लच आर्म हाताने हलवला तर तो किंचित ढिला लागला पाहिजे. केबल ताणलेली राहिली तर प्लेटा सतत अर्ध्या सुटलेल्या राहतात आणि नवा सेटही काही दिवसांत जळतो.

प्लेट झिजली की क्लच का घसरतो, हे कळलं की काय बदलायचं ते आपोआप कळतं. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत नवी कॉर्क प्लेट (घर्षणाचं अस्तर असलेली) साधारण ३ मिमी जाड असते आणि २.६ च्या आसपास ती बाद धरतात (नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल). पाच प्लेटा प्रत्येकी ०.४ मिमी झिजल्या की कॉर्क आणि स्टील प्लेटांचा एकाआड एक रचलेला गठ्ठा २ मिमी बारीक होतो. तो दाबून धरणारी स्प्रिंग तेवढी सैल पडते, दाब कमी होतो आणि ओढ जास्त लागली की प्लेटा एकमेकींवरून सरकतात. म्हणून कॉर्क प्लेटांबरोबर स्प्रिंगही नव्याच टाका. जुन्या स्प्रिंग उष्णतेने बसलेल्या असतात आणि त्यांची किंमत पुन्हा कव्हर उघडण्याच्या मजुरीपेक्षा कमीच असते.

दुकानात शब्दांचा घोळ होतो. बरेच दुकानदार मधल्या स्टीलच्या प्लेटांनाच 'प्रेशर प्लेट' म्हणतात, तर मॅन्युअलमध्ये प्रेशर प्लेट म्हणजे गठ्ठा दाबणारी ॲल्युमिनियमची ताटली. त्यामुळे जुना नग हातात घेऊन जा. सोबत कव्हरचं पॅकिंग आणि तेल घ्या. नव्या कॉर्क प्लेटा आदल्या रात्रीच इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच त्यांचा पृष्ठभाग करपतो.

इंजिन कोमट असताना तेल काढा. काही जण तेल न काढता गाडी डावीकडे कलती ठेवून काम उरकतात. तुमच्या बाबतीत तसं करू नका. तेल चुकीचं आहे आणि त्यात जळक्या कॉर्कचा गाळही असणार. मग क्लच केबल आणि किक काढा, आड येत असेल तर फुटरेस्टही. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्या-त्या जागी भोक पाडून बोल्ट खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर केसिंग फुटतं. कव्हर चिकटलं असेल तर लाकडी हातोडीने कडेने ठोका. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटलंत तर जोडाच्या पृष्ठभागावर चर पडेल आणि तिथून तेल झिरपत राहील.

स्प्रिंगचे चार बोल्ट समोरासमोरचे, प्रत्येकी थोडे थोडे सोडा. एक पूर्ण काढून मग दुसरा, असं केलं तर ताटली तिरकी होते आणि बोल्ट ज्यात बसतो तो ॲल्युमिनियमचा खांब तुटतो. पुढचं इंजिनावर अवलंबून आहे: काहींत ताटली निघाली की प्लेटा हाताने सुटतात, काहींत मधली सर्क्लिप (अडकवणारी कडी) किंवा नट काढून हबच (प्लेटा ज्यावर बसतात तो मधला भाग) बाहेर घ्यावा लागतो. प्लेटा निघतील त्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा आणि फोटो काढा.

आता मोजणी. व्हर्नियरने प्रत्येक कॉर्क प्लेट तीन-चार ठिकाणी मोजा. स्टील प्लेट जाड काचेवर सपाट ठेवा आणि कडेखाली ०.२ मिमीचा फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) सरकवून पाहा. गेला तर प्लेट वाकलेली आहे, बदला. निळसर डाग असलेलीही बदला, ती तापलेली आहे. बाकीच्या धुवून पुन्हा चालतात. मग बास्केटच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या बाहेरच्या वाटीच्या) बोटांवरून नख फिरवा. कॉर्क प्लेटांच्या कानांनी तिथे खाचा पाडल्या असतील तर प्लेटा त्यात अडकतात, क्लच दाबूनही नीट सुटत नाही आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. खाच हलकी असेल तर बारीक कानशीने घासून चालतं, खोल असेल तर बास्केट बदला. असेंब्लीचा खर्च योग्य ठरतो तो याच एका परिस्थितीत. ताटलीतली बेअरिंगही फिरवून पाहा, खरखर लागली तर नवी घाला.

बसवताना कॉर्क, स्टील, कॉर्क असा क्रम. सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे कॉर्क. स्टील प्लेटेची एक कड धारदार आणि दुसरी गोलसर असते, सगळ्यांची धार एकाच बाजूला ठेवा. काही बास्केटमध्ये शेवटच्या कॉर्क प्लेटेचे कान शेजारच्या उथळ खाचेत बसतात. तुम्ही काढलेला फोटो इथे उपयोगी पडतो. स्प्रिंगचे ६ मिमीचे बोल्ट पुन्हा समोरासमोर, साधारण १० ते १२ न्यूटन-मीटरला आवळा. या कामातलं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं: लांब दांड्याचा पाना, जोराचा हात आणि तुटलेला खांब.

बंद करण्याआधी तेलाची जाळी त्याच कव्हरमागे असेल तर धुऊन घ्या. जुनं पॅकिंग ब्लेडने अलगद खरवडा. दोन्ही डॉवेल पिन (कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या पिना) जागेवर आहेत का, आणि तेलाच्या वाटेवर ओ-रिंग असेल तर तीही आहे का, ते तपासा. पॅकिंगवर सिलिकॉन फासू नका. आत सुटलेला तुकडा तेलाची वाट बंद करतो. कव्हर लावताना आर्म हाताने फिरवत राहा. आर्मची चाल पुढे जाऊन ताटली ढकलली जाते असं हाताला लागलं की मगच बोल्ट आवळा.

नवी प्लेट जाड असल्याने केबलची चाल पूर्ण बदललेली असते. खालच्या ॲडजस्टरपासून सुरुवात करा, लिव्हरजवळचा शेवटी. तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं घ्या. या गाड्यांत ते एक लिटरच्या आसपास लागतं, पण शेवटचा शब्द डिपस्टिकचा. पहिल्यांदा गिअर टाकताना गाडीला थोडा झटका बसला तर घाबरू नका. पहिले २००-३०० किमी घाट आणि डबलसीट टाळा, आणि १०० किमीनंतर लिव्हरची चाल एकदा पुन्हा बघा.