गाडी चालता चालता मरते आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू होते. आल्टरनेटर बदलू का?

तुम्ही लिहिलंय ते असं: दहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, कोल्हापूर ते गगनबावडा नेहमीचं येणंजाणं. आठवड्यातून एखाद्या वेळी अचानक सगळे काटे खाली पडतात, इंजिन बंद. दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू. नवी बॅटरी घालून झाली. गॅरेजवाला म्हणतो, "माझ्यासमोर बंद पडू दे, मग बघू." आता कुणीतरी आल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग, बदलायला सांगितलंय.

नका बदलू. निदान अजून तरी नको.

मी गाड्यांचा मेकॅनिक नाही. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. भट्टीची धग, धूळ आणि मशिनची थरथर यांत पॅनेलचे फॉल्ट असेच येतात-जातात, आणि अंदाजानं पार्ट बदलत बसलं की पैसा जातो, फॉल्ट तिथंच राहतो. हे माहीत असून स्वतःच्या गाडीला हाच त्रास झाला तेव्हा मी बॅटरी घातली, सेल्फ उघडून घेतला, इग्निशन स्विचही बदलला. म्हणजे तुमच्यापेक्षा शहाणा होतो असं काही नाही.

गाडी बंद पडते तेव्हाची पहिली दोन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. तेव्हा आपण काय करतो? घाबरून सेल्फ मारत बसतो, बोनेट आपटतो, वायरी हलवतो. तेवढ्यात कुठंतरी कॉन्टॅक्ट बसतो, गाडी चालू होते आणि पुरावा गेला. त्याऐवजी गाडी कडेला घ्या, पार्किंगचे दिवे लावा, चावी ऑन ठेवून नुसतं बघा. डॅशबोर्ड नीट उजळलेला आहे पण इंजिन घेत नाही, असं असेल तर रोख सेन्सरकडं किंवा पेट्रोल पंपाकडं. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाची गुणगुण येते का ऐका. क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय की नाही हे सांगणारा सेन्सर, तापून मरत असेल तर तोही गार झाल्यावर शहाण्यासारखा चालतो. पण तुमच्यासारखे सगळेच काटे पडले, दिवे मंद झाले, तर करंट येण्याच्या किंवा परत जाण्याच्या वाटेतच खोट आहे. परत जाण्याची वाट म्हणजे अर्थिंग, आणि तिकडं सहसा कुणी बघत नाही.

माझी गाडी एकदा संध्याकाळी तावडे हॉटेलजवळ बंद पडली. दिवे, वायपर, ब्लोअर असा सगळा लोड चालू होता. व्होल्ट मोजायचा मीटर डॅशबोर्डच्या खणात तयारच होता. बायकोला म्हटलं, "चावी ऑनच राहू दे, कशालाही हात लावू नकोस." बोनेट अगदी हळू उचललं. बॅटरीच्या दोन खुंटांवर मीटर लावला, 12.5 व्होल्ट. म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग मीटरची एक प्रोब, म्हणजे वायरीचं टोक, बॅटरीच्या मायनस खुंटावर आणि दुसरी बॉडीच्या उघड्या बोल्टवर धरली. खरं तर या दोन जागा विजेच्या दृष्टीनं एकच, तिथं जवळपास शून्य दिसायला हवं. दिसले 7.4. गाडीला मिळायचे ते व्होल्ट वाटेतच खाऊन टाकत होतं काहीतरी.

बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला अर्थिंगची वायर बोल्टनं बसवलेली असते. त्या बोल्टला बोट लावलं आणि पटकन मागं घेतलं, चांगलाच तापला होता. दुसऱ्या दिवशी खोलला तर थिंबलच्या, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कडीच्या, खाली चक्क रंग! दोन वर्षांपूर्वी डेंटिंग-पेंटिंग करताना बॉडीच्या त्या जागेवरही फवारा मारला होता आणि थिंबल तसंच रंगावर आवळलं होतं. करंट जायचा तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून. इंजिन ते बॉडीची दुसरी अर्थिंगची पट्टी आधीच तुटलेली, कधी तुटली देव जाणे. लोड वाढला की जोड तापायचा, तापला की सैल पडायचा, दहा मिनिटांत गार होऊन परत धरायचा. ते "दहा मिनिटं" काय भानगड आहे ते तेव्हा कळलं. रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं, थिंबल घासलं, आवळलं, वरून व्हॅसलिन. पट्टी नवी घातली.

तुमच्या गाडीत हेच असेल असं नाही. पण ही तपासणी फुकटची आहे, म्हणून आधी हीच करा. गाडी बरी असतानाही दिसून येईल. सेल्फ मारताना बॅटरीचा मायनस खुंट आणि इंजिनचं उघडं लोखंड यांच्यात 0.2 व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्याच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. प्रोब खुंटावरच टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नको, कारण खुंट आणि क्लॅम्प यांच्यातही गंजाचा थर असतो. सेल्फ दीडशे अँपिअर ओढत असेल तर ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळाही दीड व्होल्ट खातो. म्हणून नुसती वायर तपासून उपयोग नाही, लोड असतानाच मोजायला हवं. एकच तार शिल्लक असलेली वायरसुद्धा मीटरला ऐटीत 12 व्होल्ट दाखवते, पण तिच्यावर 21 वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावला की पितळ उघडं पडतं. हा बल्ब मात्र इसीएमच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, वायरींना आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना चुकूनही लावू नका.

अजून एक. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून "आल्टरनेटर चेक" करणारे जुने कारागीर अजून भेटतात. करू देऊ नका, व्होल्टेजचा झटका बसून इसीएम जाऊ शकतो. आल्टरनेटर बघायचा तर इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावा. 13.8 ते 14.5 च्या दरम्यान असेल, आणि दिवे-ब्लोअर लावल्यावरही टिकत असेल, तर त्याच्यावर पैसे घालू नका. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो लावून फिरा. बंद पडायच्या क्षणी आकडा कुठं होता हे कळलं की अर्धं काम झालं.

गाडी सेकंडहँड आहे का? 2019 किंवा 2021 च्या पुराच्या पाण्यात उभी राहिलेली असू शकते. वरून चकाचक केलेली असते, पण पुढच्या सीटखालची मॅट उचलून वायरींचे जोड, म्हणजे कपलर, उघडा. पितळेच्या भांड्यात ताक ठेवल्यावर कळकतं तसं हिरवं दिसलं तर तिथूनच सुरुवात करा. गाडी उसाच्या फडाशेजारी लावत असाल तर बोनेटखाली उंदराच्या लेंड्याही बघा.

पुढच्या वेळी बंद पडली की वही काढा: पाऊस होता का, किती लोड चालू होता, किती वेळ गाडी चालली होती, खड्ड्यात आपटली होती का. आणि तेव्हाचे दोन आकडे घ्या, बॅटरीचे दोन खुंट आणि मायनस ते बॉडी. ते कळवा, मग आल्टरनेटरचं बोलू.