शेजारी म्हाडाची वीस टक्क्यांची इमारत येतेय, सोसायटीचा विरोध आहे. ती व्हावी असं वाटणाऱ्या आम्ही काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वाघोलीत तुमच्या सोसायटीला लागून त्याच बिल्डरची 'वीस टक्क्यांची' इमारत होणार आहे, ग्रुपवर तिच्याविरुद्ध सह्या गोळा होतायत, आणि तुम्हा तीन-चार जणांना मात्र ती व्हायला हवी आहे. मी धायरीत राहतो. इकडे आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी लोकांना म्हाडाच्या घरांच्या सोडतीचे अर्ज भरून देतो, कागद जमवायला मदत करतो. संस्था नाही, लेटरहेड नाही. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. ही इमारत म्हणजे बिल्डरने केलेला उपकार नाही आणि सोसायटीच्या ठरावाने ती रद्दही होत नाही. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांच्या हद्दीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प करायचा तर २० टक्के हिस्सा अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचा, हा नियम २०१३ पासून आहे. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही तो आहे. घरं कुणाला जायची ते म्हाडाच्या सोडतीत ठरतं. त्यामुळे ग्रुपवर रात्री अकरा वाजता वाद घालत बसू नका. सह्या करणारे करोत.

पण ते घाबरतात कशाला, हे नीट ऐका. आमच्याकडे एका सभेत 'आपल्या सोसायटीचं वातावरण' वगैरे बराच वेळ चाललं होतं. मग खजिनदारांनी टँकरच्या बिलांची फाईलच टेबलावर ठेवली. उन्हाळ्यातल्या महिन्यांचा आकडा वाचला आणि म्हणाले, 'अजून एक इमारत आली तर हे बिल कोण भरणार?' त्या माणसाला गरिबांबद्दल आकस नव्हता, पाणी नव्हतं. पुण्यात २०२१ मध्ये २३ गावं एकदम पालिकेत आली, वाघोली त्यातलंच. नळ मात्र त्या वेगाने आले नाहीत. वर मार्च २०२२ पासून कितीतरी काळ प्रशासकच कारभार बघत होते, तक्रार घेऊन जायला नगरसेवकसुद्धा नव्हता.

तेव्हा तुमच्या गटाचं पहिलं काम पाण्याचं. परवानगी घेताना पाण्याबद्दल बिल्डरने हमीपत्र दिलेलं असतं, ते माहिती अधिकारात मागा. परवानगी वाघोली पालिकेत यायच्या आधीची असेल तर अर्ज पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) करावा लागेल. मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी हे कागद महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) साइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की घरबसल्या दिसतात. वीस टक्क्यांची इमारत नकाशावर कुठे दाखवलीय तेही तिथेच बघा. ते हमीपत्र घेऊन सभेत गेलात की भांडण शेजाऱ्यांचं शेजाऱ्यांशी राहत नाही, ज्याने हमी दिली त्याच्याशी होतं. आमच्याकडे सूर बदलला तो यानेच. माणुसकीवरच्या भाषणांनी कुणाचंही मत बदललेलं मी पाहिलेलं नाही.

दुसरा प्रश्न गेटचा आणि क्लब हाउसचा. इथे माझं मत तुमच्यातल्या काहींना आवडणार नाही. त्या इमारतीची सोसायटी वेगळी असलेली बरी. एकत्र राहायला हवं हे तत्त्व म्हणून मान्य, पण जलतरण तलाव आणि जिमचा मेंटेनन्स महिना पंचवीस हजार कमावणाऱ्या कुटुंबाच्या गळ्यात का मारायचा? रस्ता, पाणी, सांडपाणी, कचरा यात बरोबरीचा हक्क, आणि बाकीचा खर्च ज्याचा त्याने करावा. हे ताब्याच्या आधीच लेखी ठरवून घ्या. नंतर ठरवायला गेलात तर वॉचमन कुणाला आत सोडतो आणि कुणाला नाही, यावर सगळं येतं.

आता खरं अवघड काम. इमारत होईलही, पण त्यात राहायला कोण येणार? कागदोपत्री 'परवडणारं' म्हणजे काय ते बघा. जीएसटीच्या हिशेबात पुण्यात ४५ लाखांपर्यंतचं घर परवडणारं! म्हाडाच्या सोडतीत पुणे महानगर प्रदेशात अत्यल्प गटाची मर्यादा वर्षाला ६ लाख, पंतप्रधान आवास योजनेत ३ लाख. म्हणजे तुमच्या गेटवरचा वॉचमन आणि आयटीत नवीन लागलेला मुलगा एकाच रांगेत. समजा घर वीस लाखांचं आहे आणि सोळा लाखांचं कर्ज मिळालं. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता चौदा हजारांच्या आसपास जातो. वरचे चार लाख रोख कुठून आणायचे ते वेगळंच. पंचवीस हजारांत हे बसतं का, तुम्हीच मांडून बघा.

आणि कर्ज मिळायला पगार बँकेत जमा व्हायला हवा. चार घरी पोळ्या करणाऱ्या एक ताई आमच्याकडे अर्ज भरायला आल्या होत्या. आधार कार्डावर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं. ओटीपी मुलाच्या फोनवर, मुलगा कामावर. फोन लावला तर तो म्हणाला, 'आई, ओटीपी कुणाला सांगायचा नसतो.' बरोबरच होतं त्याचं. एवढं होऊन नंबर लागला असता तरी बँकेने विचारलं असतं, पगारपत्रक कुठाय? त्या ज्या घरी काम करतात ती सगळी घरं पगार हातात देतात.

म्हणून तुमच्या सोसायटीत आजपासून करता येईल अशी गोष्ट ही: मावशी, ड्रायव्हर, वॉचमन यांचा पगार खात्यावर टाकायला लोकांना तयार करा. वर्ष-दीड वर्षाची नोंद असली की बँकेत निदान बोलणं तरी सुरू होतं. जोडीला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, बारकोड असलेलं डोमिसाईल, नावांची दुरुस्ती हे सगळं सोडत जाहीर व्हायच्या आधी उरकून घ्या. जाहिरात आली की सेतू केंद्रावर झुंबड उडते आणि नेमके हेच लोक मागे राहतात, कारण खाडा केला तर पैसे कापले जातात.

नाहीच लागला नंबर तर? बहुतेकांचा लागत नाही. मग गावठाणातली भाड्याची खोली किंवा एक-दोन गुंठ्यांतलं बेकायदा बांधकाम हेच उरतं. भाड्याच्या स्वस्त घरांबद्दल पुण्यात फार कुणी बोलत नाही. बहुतेक योजना मालकीच्या घराभोवती फिरतात. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा आम्ही हा मुद्दा दरवेळी लिहून देतो. पोच मिळते. तुमच्याकडूनही तसं पत्र गेलं तर बरंच.

शेवटचं, अगदी व्यवहाराचं. 'सोडतीत नंबर लावून देतो' म्हणणारे एजंट तुमच्या भागातही असणारच. तुम्ही अर्ज भरून द्यायला बसलात की तुम्हालाही त्यातलेच समजतील. त्यामुळे कुणाच्या अनामत रकमेला हात लावू नका, भरणा ज्याचा त्याच्या खात्यातूनच होऊ द्या, आणि येणाऱ्याने आणलेली पेढ्यांची पुडीसुद्धा नंबर लागेपर्यंत घेऊ नका.