वेदर स्टेशनचा डेटा रास्पबेरी पायला का दिसत नाही?

आपण लिहिले आहे की गच्चीवरील वेदर स्टेशनचे आकडे घरातल्या डिस्प्लेवर व्यवस्थित दिसतात, मात्र त्याच वाय-फायवरील रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर (पुढे नुसता ‘पाय’) टीसीपीडम्प हा नेटवर्कवरील पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, टिपणारा प्रोग्राम अर्धा तास चालवूनही डिस्प्लेचे एकही पॅकेट मिळाले नाही, आणि म्हणून डिस्प्ले बिघडला असावा. मला तसे वाटत नाही. डिस्प्लेवरील आकड्यांवरून इतकेच कळते की गच्चीवरचा सेन्सर रेडिओवरून डिस्प्लेपर्यंत पोहोचतो आहे. डिस्प्लेकडून राउटरकडे होणारा प्रवास निराळा आहे आणि आपला पाय त्या वाटेवर नाही. वाय-फायचा पासवर्ड एक असला तरी प्रत्येक उपकरणाची संकेतन-किल्ली वेगळी असते, आणि केबलने जोडले तरी स्विच प्रत्येक पॅकेट ज्याचे त्यालाच देतो. इंदूरला राजेंद्र नगरातल्या घरी हे उमगेपर्यंत मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या.

खात्री करण्यासाठी टीसीपीडम्पच्या आदेशात पोर्टची गाळणी असेल तर ती काढून केवळ डिस्प्लेचा मॅक पत्ता (उपकरणाचा कायमचा हार्डवेअर क्रमांक) ठेवावा आणि टीसीपीडम्प चालू असताना डिस्प्ले बंद करून पुन्हा सुरू करावा. नेटवर्कवर येताना तो डीएचसीपी (पत्ता मागण्याची) आणि एआरपीची (शेजारी उपकरणे शोधण्याची) जी हाक देतो, ती सहसा सर्वांना ऐकू जाते. ती दिसून नंतर शांतता पसरली, तर दोष वाटेचाच आहे. तीही दिसली नाही, तर डिस्प्ले गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर) गेला आहे का, हे राउटरच्या यादीत पाहावे.

उपाय म्हणाल, तर पॅकेट पकडण्यापेक्षा मागून घेणे सोपे. इकोविट या वेदर स्टेशन बनवणाऱ्या कंपनीच्या अनेक उपकरणांत स्वतःचा सर्व्हर नोंदवण्याची सोय असते. तिथे पायचा पत्ता, पोर्ट आणि पाथ भरावा. इकोविट प्रोटोकॉल पोस्ट विनंती (माहिती विनंतीच्या आत) पाठवतो आणि वंडरग्राउंड या हवामान संकेतस्थळाचा गेट (माहिती पत्त्यातच), त्यामुळे ऐकणारा प्रोग्रामही त्याच पद्धतीचा हवा. ही सोय नसेल, तर डीएनएसमध्ये (सर्व्हरच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) फेरफार करून अपलोडचे नाव पायकडे वळवता येते, पण ते साध्या, म्हणजे एन्क्रिप्ट न केलेल्या, एचटीटीपीवरच चालते. डेटा एन्क्रिप्ट होत असेल तर पॅकेट हाती लागूनही वाचता येणार नाही.

पायचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवण्यास विसरू नये. जूनमधल्या वादळात आमच्याकडे वीज गेली, परतल्यावर राउटरने पायला नवा पत्ता दिला आणि डिस्प्ले जुन्याच पत्त्यावर आकडे धाडत राहिला. पावसाची नोंद गेली, ती गेलीच.

आकडे येऊ लागल्यावर तापमान फॅरनहाइटमध्ये, पाऊस इंचांत आणि वेळ यूटीसीमध्ये (भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) दिसेल, म्हणजे दुपारी चारची सर साडेदहाला नोंदली जाईल. वायुदाब पाऱ्याच्या इंचांत असतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचावर असल्याने निरपेक्ष दाबाच्या (जागेवर प्रत्यक्ष मोजलेल्या दाबाच्या) रकान्यात समुद्रसपाटीच्या प्रमाण २९.९२ ऐवजी २८च्या आसपास आकडा आला, तर सेन्सर बदलण्याची घाई करू नये.