अप्रेंटिसला लागून तीन आठवडे झाले, काहीच जमत नाही. सोडून देऊ का?

तू लिहिलंयस की फिटरचा आयटीआय झाला, एका टूलरूममध्ये, म्हणजे कंपनीच्या साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागात, अप्रेंटिसला लागलास, रोज फाइलिंगच, म्हणजे कानशीने लोखंड घासायलाच लावतात, रोज जॉब, म्हणजे घासलेला तुकडा, परत येतो, बरोबरचा मुलगा पुढे गेला आणि आता वाटतंय की आपला हातच या कामाचा नाही. वयाने माझ्याहून बराच लहान असणार म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

सोडू नकोस. निदान या कारणासाठी तरी नको. असं का म्हणतो ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

२००३ साली सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून आम्ही दोघं पुण्याजवळच्या भोसरीला आलो. मी आणि माझा मित्र. आयटीआयची दोन वर्षं एकाच शेगड्यावर (जॉब घट्ट धरणारा बेंचवरचा व्हाइस) आलटून-पालटून काम केलेलं. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी तेव्हाही मानायचो आणि आजही मानतो. मेल-फीमेल फिटिंगचा, म्हणजे एक तुकडा दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा जॉब त्याचा असा बसायचा की इन्स्ट्रक्टर तो पुढच्या बॅचला दाखवायला ठेवून घ्यायचे. लांडेवाडीत कॉट बेसिसवर खोली, सहा जण, मेसचं जेवण, स्टायपेंड महिन्याला हजाराच्या आसपास. घरी मामांचा धोशा होता की डीएड कर. त्या वर्षांत गावात ज्याला त्याला डीएडच करायचं होतं.

पहिले दोन आठवडे बर (कापलेल्या कडेवरची खरखरीत धार) काढणे, केरोसिनच्या ट्रेमध्ये पार्ट धुणे, कॉटन वेस्टने पुसून रॅकवर लावणे. ते दिवस बरे गेले. चुकण्यासारखं काही नव्हतंच. तिसऱ्या आठवड्यात टूलरूमच्या तात्यांनी आम्हा दोघांना एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, एकेक तुकडा दिला, पंच्याहत्तर बाय पंच्याहत्तर, दहा मिलीमीटर जाड. म्हणाले, एक तोंड सपाट करा. बास, एवढंच.

सपाट म्हणजे काय ते तुला माहीत आहे. आयटीआयमध्ये गुण्याखालून (काटकोन तपासायचं पातं) थोडा उजेड दिसला तरी चालून जातं. इथे वीस मायक्रॉनची बात, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण चौथा हिस्सा. रोज पहिल्या चहानंतर जॉब घेऊन तात्यांकडे जायचं. ते गुण्याचं पातं जॉबवर ठेवायचे, ट्यूबलाइटकडे धरायचे, एक डोळा बारीक करायचे. पात्याखाली दोन्ही कडांना उजेड आणि मध्ये अंधार. जॉब परत माझ्या हातात. तोंडातून शब्द नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, कारण शिवीत निदान काय चुकलं ते तरी कळतं.

एक दिवस त्यांनी सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट लोखंडी पाटावर, निळा रंग लावून जॉब फिरवला आणि उलटा करून माझ्यासमोर ठेवला. मधोमध रुपयाच्या नाण्याएवढा निळा डाग, बाकी सगळं कोरडं. जिथे उंच तिथेच निळा लागतो, म्हणजे मध्ये पोट आलं होतं. मला वाटलं, मग मध्येच जास्त घासू. मध्ये घासायला गेलो की कडा आणखी जायच्या, कडा गेल्या की पोट आणखी वर यायचं. दहाचा तुकडा साडेआठवर आला. खांदे असे भरून यायचे की रात्री डावा हात वर करून शर्ट काढता येईना. कॉटवर पडलो की डोक्यात एकच, दोन वर्षं आयटीआयमध्ये जे येत होतं ते इथे गेलं कुठे? म्हणजे ते कधी येतच नव्हतं. तिथे सगळेच कच्चे होते म्हणून आपण पक्के वाटत होतो.

मित्राचंही तेच चाललं होतं. फरक इतकाच की मी खोलीवर बडबड करायचो आणि तो गप्प व्हायचा. फाइलिंगच्या नवव्या दिवशी तो दुपारच्या चहाला बाहेर पडला तो परत आलाच नाही. संध्याकाळी खोलीवर गेलो तर त्याची वळकटी नव्हती. माझ्या उशीखाली त्याची उरलेली मेसची कुपनं होती, रबर लावून नीट ठेवलेली.

अकराव्या दिवशी मी जॉब तात्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणालो, "तात्या, मला हे येणार आहे का नाही ते एकदा सांगा. नसेल तर मी पण जातो." आवाज चढला असावा, कारण शेजारच्या बेंचवरची माणसं थांबली. तात्यांनी वेस्टला हात पुसले. म्हणाले, "मार बघू."

मी शेगड्यात जॉब धरला आणि फाइल मारायला लागलो. त्यांनी जॉबकडे बघितलंच नाही. माझ्या पायांकडे बघितलं, मग कोपराकडे, मग खांद्याकडे. पाचेक मिनिटं बघत राहिले. मग पॅकिंगच्या बाजूला गेले आणि लाकडी पेटीच्या दोन फळ्या घेऊन आले, प्रत्येकी दोन इंच जाडीची. एकावर एक ठेवून पायाने माझ्या बेंचखाली सरकवल्या. "चढ यावर. आता मार."

पहिला फरक आवाजात पडला. आधी फाइल जाताना खर्र आणि येताना टक असा आवाज यायचा. आता सलग एकच आवाज यायला लागला. खांदा खाली आला. संध्याकाळपर्यंत एका कर्णावर उजेड बंद झाला. तिसऱ्या दिवशी निळ्यावर जॉब फिरवला तर डाग सगळीकडे, देवीच्या वणांसारखे बारीक बारीक, काठापर्यंत.

माझी उंची पाच फूट दोन इंच. शेगड्याचा जबडा कोपराच्या रेषेत यावा लागतो, हे आयटीआयच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि मग सगळेच विसरतात. आमच्या आयटीआयची बेंचं बुटकी होती, म्हणून तिथे आपोआप जमायचं. कंपनीतला शेगडा माझ्या कोपराच्या चार बोटं वर होता. शेगडा उंच असला की खांदा उचलावा लागतो, जोर मनगटातून जातो, फाइल पाळण्यासारखी झुलते, पुढची आणि मागची कड जास्त खाते. पोट येणारच. हातात काही दोष नव्हता. मित्र माझ्याहूनही बोटभर बुटका होता.

आता खरं सांगतो, तुझा प्रश्न वाचून मी उठून का बसलो. "असंच शिकतात, आम्ही पण असंच शिकलो, रगडल्याशिवाय हात बसत नाही" असं तुला सगळेच सांगतील. मी एका टूलरूमचा इनचार्ज आहे आणि हे वाक्य मला आजही आठवड्यातून एकदा ऐकावं लागतं. मला ते अजिबात मान्य नाही. शिकवणाऱ्याच्या आळसाला दिलेलं ते नाव आहे. त्या अकरा दिवसांत मी काय शिकलो? चुकीच्या उंचीवर उभं राहून चुकीची फाइल मारायला शिकलो, आणि ती सवय मोडायला पुढे महिना गेला. फळ्या पहिल्या दिवशी आल्या असत्या तर जॉब चौथ्या दिवशी पास झाला असता आणि आमच्या बॅचचा सगळ्यात चांगला हात त्या टूलरूममध्ये राहिला असता.

तात्या रिटायर झाले त्या दिवशी मी त्यांना विचारलं. हार-नारळ झाल्यावर, बाजूला घेऊन. तुम्हाला पहिल्या दिवशीच दिसलं असणार, मग अकरा दिवस का थांबलात? ते म्हणाले, "तू इचारलंच न्हाईस." मी म्हणालो, एकोणीस वर्षांच्या पोराला काय विचारायचं हे तरी कुठे माहीत असतं? ते काही बोलले नाहीत. त्यांचा उस्ताद चुकलं की फाइलच्या मुठीने बोटांवर मारायचा, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. गप्प राहणं हा त्यांच्या लेखी मोठेपणाच होता. ते मी समजू शकतो. पटलेलं मात्र नाही. माझ्याकडे नवा अप्रेंटिस आला की पहिल्या दिवशी मी त्याला शेगड्यापुढे उभा करतो, कोपर बघतो आणि लागतील तितक्या फळ्या घालतो. सहकारी म्हणतात, लाड करतोस पोरांचे. म्हणू देत.

मित्राचं बरं चाललंय. गावी म्हशी आहेत, दुधाचा टेम्पो आहे. वाईट याचंच वाटतं की विषय निघाला की तो आजही म्हणतो, "आपला हातच नव्हता त्या कामाचा." वीस वर्षांहून जास्त काळ तो हेच धरून बसलाय. मी त्याला फळ्यांचं सांगितलं. म्हणाला, "जाऊ दे, तुझं झालं ना."

तर तू एक कर. "मला काहीच येत नाही" असं कुणाला सांगू नकोस, त्याला कुणाकडेच उत्तर नसतं. तुझ्या मिस्त्रींना किंवा जो कोणी सीनियर आहे त्याला म्हण, पाच मिनिटं माझ्याजवळ उभे राहा आणि मी मारताना बघा, जॉब नका बघू. बहुतेक माणसं नाही म्हणत नाहीत. कामात असतील तर दुपारच्या सुट्टीनंतर विचार, सकाळी शिफ्ट सुरू होताना नको. आणि तो पुढे गेलेला मुलगा तुझ्यापेक्षा उंच आहे का, तेही बघ.

सगळाच दोष उंचीचा असतो असं माझं म्हणणं नाही. फाइलच्या दातांत लोखंडाचा कीस अडकून ओरखडे पडत असतील तर खडू लाव आणि ब्रशने साफ कर. फाइल बोथट झालेली असू शकते, नव्या पोरांच्या वाट्याला जुन्याच फाइली येतात. आणि तात्यांची एक बाजू खरीच आहे, की उंची बरोबर आल्यावरही हजारदा मारल्याशिवाय हात बसत नाही. तिथे सांगण्याने काही होत नाही.

आणखी एक, हे आधीच लिहायला हवं होतं. तू टूलरूममध्ये आहेस आणि तुझा जॉब कुणीतरी तपासून परत देतंय, म्हणून मी थांब म्हणतोय. तुला लाइनवर उभं करून कॉन्ट्रॅक्टच्या कामगारासारखं दिवसभर एकच नट आवळायला लावत असते तर मी वेगळं लिहिलं असतं. काल येत नव्हतं असं काहीतरी महिन्याभरात यायला लागलं पाहिजे. तसं होत नसेल तर ती नुसती हमाली. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात तुला शिकाऊ म्हटलंय, कामगार नाही. अप्रेंटिसशिप अॅडव्हायझर या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय तुला ओव्हरटाइमला थांबवता येत नाही. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कंपनीची. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्यांसाठी महिना किमान ७,००० रुपये स्टायपेंड धरला होता, तुझा आकडा त्याच्या खाली असेल तर करार काढून वाच. करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला आहे ना, हेही बघ. आणि शेवटी सोडायचंच ठरलं तर माझ्या मित्रासारखा चहाला म्हणून जाऊ नकोस, लेखी दे. मध्येच करार मोडला तर प्रशिक्षणाचा खर्च मागण्याची तरतूद कायद्यात आहे.

अप्रेंटिस संपली की तिथेच घेतील, असं धरून चालू नकोस. कायदा कंपनीला तसं बांधून ठेवत नाही, २०१४ च्या दुरुस्तीनंतर फक्त भरतीचं स्वतःचं धोरण ठरवायला सांगतो. मला घेतलं नव्हतं. पण वर्षभराने परीक्षा देऊन अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात आलं आणि चाकणच्या एका टूलरूममध्ये इंटरव्ह्यूला गेलो, तेव्हा तिथल्या साहेबांनी कागद बाजूला ठेवले आणि एक फाइल आणि एमएसचा तुकडा पुढे केला. मी आधी शेगड्याला कोपर लावून बघितलं आणि फळी मागितली.

तुझी उंची किती आणि शेगडा कोपराच्या किती बोटं वर किंवा खाली येतो, ते उद्या मोजून इथेच खाली लिही. मी बघतो.