वडिलांना फुफ्फुसाचा आजार कामावरच्या धुळीने झाला की सिगरेटने, हे कसं ठरवतात?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: वडिलांनी 18 वर्षं ग्रॅनाइट आणि कृत्रिम क्वार्ट्झचे ओटे कापायचं, घासायचं काम केलं. ते सोडून 6 वर्षं झाली, आणि आता जिना चढताना दम लागतो. रक्त-लघवीचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. डॉक्टर म्हणतात सिगरेट. शास्त्रीय आढावे वाचले, तर एकात 'संबंध सिद्ध' आणि दुसऱ्यात 'पुरावा अपुरा'.

नॉर्मल रिपोर्टांवर या प्रकरणात भिस्त ठेवू नका. दगडाच्या धुळीतली सिलिका फुफ्फुसात जाऊन बसते. तिचा आजार पकडणारी रक्ताची किंवा लघवीची नेहमीची तपासणीच नाही. ज्या विषांसाठी अशी तपासणी आहे, तिथेही नमुना कधी घेतला यावर सगळं ठरतं. शिशाचं रक्तातलं प्रमाण संपर्क थांबल्यावर साधारण महिनाभरात निम्म्यावर येतं, हाडांत मात्र शिसं वर्षानुवर्षं राहतं. बेंझिनचे अवशेष लघवीत शोधायचे तर नमुना कामाची पाळी (शिफ्ट) संपता संपता घ्यावा लागतो. सुट्टीनंतर घेतला तर हाती काही लागत नाही. त्यामुळे काम सोडून काही वर्षं झालेल्या माणसाला 'रिपोर्ट स्वच्छ आहे, म्हणजे कामाचा संबंध नाही' असं सांगणं चूक आहे.

खरा पुरावा कामाच्या इतिहासात असतो, आणि तो बहुतेक वेळा कोणी लिहूनच घेत नाही. केसपेपरवर 'कामगार' एवढा एकच शब्द असतो. पुढच्या भेटीआधी वडिलांसोबत बसून हे कागदावर उतरवा. पहिल्या नोकरीपासून आजपर्यंत प्रत्येक काम वेगळ्या ओळीत, कोणत्या साली सुरू आणि कोणत्या साली बंद. हुद्दा लिहून भागत नाही, हाताने नेमकं काय करायचे ते लिहा: कटिंग, कडांचं पॉलिश, सिंकसाठी भोक पाडणं, की झाडलोट. सुकी झाडलोट आणि कंप्रेसरच्या हवेने कपडे झटकणं यांतून खूप बारीक धूळ उडते, पण 'काय काम करायचात?' या प्रश्नाच्या उत्तरात ते कधीच येत नाही. ग्राइंडर पाणी सोडून चालवायचे की सुका? शेड बंद होती की मोकळी, धूळ ओढणारी नळी होती का, तोंडाला काय बांधायचे? रुमाल किंवा कापडी मास्क असेल तर तसंच लिहा. त्याने घातक धूळ अडत नाही. आठवड्यातले किती दिवस, दिवसाचे किती तास, सोबतच्या कोणाला असाच त्रास झाला का, हेही हवं.

एवढं खोलात का, तर दगड आणि पद्धत बदलली की मात्रा कैक पटींनी बदलते. संगमरवरात सिलिका अगदी थोडी असते. ग्रॅनाइटमध्ये बऱ्याचदा 20 ते 45 टक्के असते, आणि कृत्रिम क्वार्ट्झच्या लादीत 90 टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. अमेरिकेने 2016 मध्ये ठरवलेली मर्यादा 8 तासांच्या सरासरीने घनमीटर हवेत 0.05 मिलिग्रॅम आहे, आणि सुक्या ग्राइंडरने ती सहज ओलांडली जाते. उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसणारी धूळ बहुतांशी नाका-घशात अडकते. फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते ती सुमारे 4 मायक्रॉन आणि त्याहून बारीक, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. म्हणून 'शेडमध्ये फार धूळ दिसायची नाही' या आठवणीवरून धोका कमी होता असं धरू नका. कृत्रिम दगडाचं हे प्रकरण इतकं गंभीर निघालं की ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदीच घातली.

काळाचा हिशोबही जुळायला हवा. सिलिकोसिस म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार. नेहमीचा सिलिकोसिस पहिल्या संपर्कानंतर 10 वर्षांनी किंवा त्याहून उशिरा दिसतो. धूळ फार असेल तर 5 ते 10 वर्षांत, आणि अतोनात असेल तर त्याहूनही लवकर. काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो, त्यामुळे मधली 6 वर्षं कामाच्या बाजूने किंवा विरोधात काहीच सिद्ध करत नाहीत.

आता तपासण्या. छातीचा एक्स-रे हवा, आणि तो आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रमाण फिल्मशी ताडून वाचणाऱ्या डॉक्टरांकडून वाचून घेतलेला बरा. सिलिकोसिसमध्ये बारीक गोल गाठी मुख्यतः फुफ्फुसाच्या वरच्या भागात दिसतात. सुरुवातीच्या गाठी साध्या फिल्मवर निसटतात, तेव्हा एचआरसीटी स्कॅन, म्हणजे बारीक तपशील दाखवणारा छातीचा सीटी स्कॅन लागतो. स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून करायची श्वासाची तपासणी, जरूर करा, पण आजार कोवळा असताना ती नॉर्मल येऊ शकते. जमल्यास वायू रक्तात किती उतरतो हे मोजणारी डीएलसीओही करा. कामाचा इतिहास आणि चित्र दोन्ही जुळत असतील, तर बहुतेक वेळा फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासावा लागत नाही. थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी मात्र टाळू नका. सिलिकोसिस असलेल्याला क्षयाचा धोका बराच जास्त असतो, आणि एक्स-रेवर दोन्ही एकमेकांसारखे दिसू शकतात. त्यामुळे दोन चुका होतात: सिलिकोसिसला क्षय समजून औषधं देत राहणं, किंवा सिलिकोसिस आहे म्हणून सोबतचा क्षय न शोधणं.

सिगरेटबद्दल. सिगरेटने श्वासनलिका अरुंद होतात हे खरंच आहे, पण सिलिकोसिसच्या त्या गोल गाठी सिगरेटने होत नाहीत. स्कॅनमध्ये त्या दिसल्या, तर वडील ओढत होते की नव्हते याने निदान बदलत नाही. गाठी नसल्या तरी कामाची धूळ दोषमुक्त ठरत नाही, कारण सिलिकाची धूळ गाठींशिवायही श्वासनलिकांचा दीर्घ आजार घडवते. तिथे धूळ आणि सिगरेट दोघांचाही वाटा असू शकतो, 'हे की ते' असा निवाडाच लागू होत नाही. ओढत असतील तर आजच थांबवायला सांगा, पण 'ओढतात' एवढ्यावर कामाची चौकशी बंद होऊ देऊ नका. माझ्या मते या आजारांत सर्वांत जास्त अन्याय याच एका वाक्याने होतो.

आढाव्यांतला विरोध पाहताना आधी प्रश्न कोणता ते बघा. सिलिकामुळे सिलिकोसिस होतो यावर वाद नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगासाठीही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1997 मध्येच तिला पहिल्या गटात, म्हणजे माणसांत कर्करोग करते हे पक्कं ठरलेल्या गटात टाकलं. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, पदार्थ किती घातक ते नाही. 'पुरावा अपुरा' हे बहुधा इतर एखाद्या आजाराबद्दल किंवा कमी मात्रेबद्दल लिहिलेलं असतं, आणि त्याचा अर्थ 'सुरक्षित' असा होत नाही. कामगारांची तुलना सर्वसाधारण लोकसंख्येशी केली की धोका कमी भासतो, कारण कामावर धडधाकट माणूसच घेतला जातो आणि आजारी पडलेला काम सोडून गेलेला असतो. दुसरी खोट म्हणजे नुसत्या हुद्द्यावरून संपर्क ठरवणं: 'दगड कारखान्यातला कर्मचारी' या रकान्यात ग्राइंडरवाला आणि हिशोबनीस एकत्र आले, की खरा परिणाम पातळ होतो. म्हणून आढाव्याचा निष्कर्ष वाचण्याआधी, त्यातल्या अभ्यासांनी हवेतली धूळ मोजली होती का आणि माणसांचा माग किती वर्षं ठेवला, ते पाहा.

आढाव्यात 'धोका 3 पट' असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ काय, हेही समजून घ्या. 3 मधून 1 वजा करून 3 ने भागा, म्हणजे संपर्कातल्या गटातल्या दर 3 रुग्णांमागे किमान 2 कामामुळे वाढलेले. त्यातले नेमके कोण, हे आकडा सांगत नाही. भरपाईच्या दाव्यात म्हणूनच कामाच्या इतिहासाचा तो तारीखवार कागद उपयोगी पडतो. त्याला जुनी पगारपत्रकं, ओळखपत्र, लादीच्या पाकिटावरचं लेबल किंवा सेफ्टी डेटा शीट (मालातले घटक आणि धोके सांगणारा उत्पादकाचा कागद) जोडा. शीटच्या 3ऱ्या भागात घटक असतात, 8व्यात हवेतल्या धुळीच्या मर्यादा.

वडिलांसोबतचे जे अजून त्या शेडमध्ये आहेत, त्यांनी दम लागायची वाट न पाहता आत्ताच एक्स-रे आणि स्पायरोमेट्री करून घ्यावी. पाणी सोडून कापल्याने धूळ खूप कमी होते, पण मर्यादेच्या आत येईलच असं नाही. त्यामुळे धूळ ओढणारी यंत्रणा आणि चेहऱ्यावर घट्ट बसणारा, फिल्टर असलेला मास्क दोन्ही लागतात. घट्ट मास्क दाढीवर नीट बसत नाही. आणि झाडू बंद करून, जमीन ओली करून पुसा.