बाटलीतली मुळं, घाटातली नरक्या आणि आपली रताळी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात टिश्यू कल्चरवर, म्हणजे झाडाचा तुकडा बाटलीत वाढवण्यावर, लिहिलं होतं त्यावर बरीच पत्रं आली, त्यातले पाच प्रश्न फिरून फिरून हेअरी रूट कल्चरवरच, म्हणजे बॅक्टेरियामुळे फुटलेली केसाळ मुळं बाटलीत वाढवण्यावरच, येतात म्हणून या वेळी तेच घेतलेत.

प्रश्न : मॅडम, मी निपाणीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोट्समध्ये "ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजेन्समुळे हेअरी रूट्स येतात" एवढंच लिहिलंय. पण माती नाही, हार्मोन नाही, तरी मूळ वाढतं कसं? प्रॅक्टिकलला काय विचारतील?

प्रश्न छान विचारलास, कारण ही एक ओळ पाठ करून काहीच कळत नाही. हा बॅक्टेरिया मातीतच असतो. झाडाला जखम झाली की जखमेतून ॲसिटोसिरिंगोनसारखी फेनॉलिक द्रव्यं झिरपतात, बॅक्टेरियाला त्याचा सुगावा लागतो आणि त्याचे व्हिर जीन, म्हणजे झाडात डीएनए पोचवायचं काम करणारे जीन, चालू होतात. त्याच्याकडे आरआय नावाचा एक मोठा प्लास्मिड, म्हणजे डीएनएचं वेगळं कडं, असतो, त्यातला टी-डीएनए हा तुकडा तो कापून थेट झाडाच्या पेशीत, पार क्रोमोसोमपर्यंत पोचवतो. हे असं खरंच घडतं हे मेरी-डेल चिल्टन आणि फ्रान्समधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये दाखवलं. त्या तुकड्यात रोल ए, बी, सी, डी असे जीन असतात, आणि त्यांच्यामुळे, त्यातही रोल बीमुळे, ती पेशी ऑक्झिन या वाढीच्या हार्मोनला एवढी संवेदनशील होते की झाडात जेवढं ऑक्झिन आहे तेवढ्यावरच ती मूळ काढत सुटते, म्हणून बाहेरून हार्मोन घालावं लागत नाही. बॅक्टेरिया हे फुकट करत नाही हं. त्याच तुकड्यात ओपाइन बनवायचे पण जीन असतात, आणि ओपाइन हे त्याचं अन्न, जे आजूबाजूच्या बहुतेक जंतूंना पचवता येत नाही.

लॅबमध्ये करताना निर्जंतुक रोपाचं पान घ्यायचं, मधल्या शिरेवर ब्लेडनं चिरा द्यायच्या, बॅक्टेरियाच्या कल्चरमध्ये बुडवून टिपून घ्यायचं आणि दोन-तीन दिवस सोबत वाढू द्यायचं, मग बॅक्टेरिया मारणारं सेफोटॅक्झिम हे अँटिबायोटिक घातलेल्या मीडियावर (पोषक द्रव्यांच्या जेलीवर) हलवायचं. साधारण दोन ते चार आठवड्यांत चिरेच्या कडेनं पांढरी टोकं बाहेर येताना दिसतात, आणि नीट बघ, त्यांच्यावर बारीक केसांची दाट लव असते आणि ती सरळ खाली जात नाहीत, आडवी पसरतात, काही तर चक्क वर उठतात. टोक कापून नव्या मीडियावर ठेवलं की फांद्यावर फांद्या फुटत जातात. लिक्विड मीडियात घालून शेकरवर, म्हणजे फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर, ठेवलं तर काही आठवड्यांत फ्लास्कमध्ये शिजलेल्या शेवयांसारखा गुंता होतो.

व्हायव्हाला हमखास विचारतात की मुळांच्या पीसीआरमध्ये (ठरावीक जीन आहे का ते बघायची चाचणी) रोल बी सापडायला पाहिजे आणि व्हिर डी हा व्हिर जीन सापडायला नको, असं का? तर व्हिर जीन प्लास्मिडवरच राहतात, झाडात जात नाहीत. ते सापडले म्हणजे बॅक्टेरिया अजून कुठेतरी जिवंत आहे, सेफोटॅक्झिम पुरलेलं नाही.

प्रश्न : आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. मागं बाहेरची माणसं येऊन नरक्याची झाडं मुळासकट काढून टेम्पो भरून न्यायची. बाटलीत मुळं वाढवून औषध निघतंय तर आमच्या रानातली झाडं का तोडायची?

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नरक्या या घाटातल्या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. ते पहिल्यांदा 1966 मध्ये वॉल आणि वाणी यांनी चीनच्या एका झाडातून वेगळं केलं, हे मन्सुख वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. मग 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी ते आपल्या नरक्यात दाखवलं आणि तिथून या झाडामागं शुक्लकाष्ठ लागलं. कॅम्प्टोथेसिनपासून बनलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कॅन्सरची औषधं अमेरिकेत 1996 मध्ये मंजूर झाली, मागणी वाढली. हे द्रव्य पानापेक्षा मुळात आणि सालीत जास्त, म्हणून फांद्या छाटून भागत नाही, झाडच उपटतात आणि उपटलेलं झाड बी कुठनं देणार.

आता मुळांचं. जपानमध्ये साइतो यांच्या गटानं 2001 मध्ये ओफिओरायझा प्युमिला या छोट्या झुडपाची हेअरी रूट्स करून त्यातून कॅम्प्टोथेसिन मिळवलं. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे ती मुळं कॅम्प्टोथेसिन स्वतःच बाहेर, मीडियात सोडतात, मग मीडियात रेझिनचे मणी टाकले की ते त्याच्यावर चिकटतं, मुळं मारायची गरजच नाही, ती वाढतच राहतात. याच ओफिओरायझाचे भाऊबंद आपल्या सह्याद्रीतही ओलसर सावलीत उगवतात, आणि त्यांच्यातही कॅम्प्टोथेसिन सापडलंय.

मग अडलंय कुठं? फ्लास्कमध्ये जमतं ते मोठ्या टाकीत जमवणं अवघड. मुळांचा गुंता झाला की आतल्या मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, ती काळी पडून मरतात, आणि ढवळायला पंखा लावला तर तो मुळंच कापतो. म्हणून मीडियाचं धुकं करून मुळांवर सोडणारे रिॲक्टर काढलेत, पण खर्च येतो, आणि रानातलं झाड व्यापाऱ्याला जवळजवळ फुकट पडतं. खरी गोम इथं आहे. जोवर रानातलं फुकट मिळतंय तोवर लॅबच्या मुळांना कोण विचारणार? म्हणून झाड राखणं आणि लॅबचं काम ही दोन्ही एकाच वेळी झाली पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. तुमच्या बाजूला टेम्पो परत दिसला तर लगेच फॉरेस्टवाल्यांना कळवा, गावातल्या चार जणांनी मिळून कळवा.

प्रश्न : सदाफुलीची हेअरी रूट्स करून कॅन्सरचं औषध काढता येईल का? – बेळगावहून एक विद्यार्थिनी

अर्धंच. सदाफुलीतलं कॅन्सरचं औषध व्हिनब्लास्टिन हे कॅथरँथिन आणि व्हिंडोलिन हे दोन भाग जोडून बनतं. कॅथरँथिन मुळं करतात. व्हिंडोलिनच्या शेवटच्या पायऱ्या हिरव्या भागात, पानात होतात, त्यामुळं नुसत्या मुळात ते मिळत नाही. एखादं द्रव्य झाडाच्या कुठल्या भागात बनतं ते आधी बघायचं, मग मुळांच्या मागं लागायचं. अश्वगंधा, सर्पगंधा, चित्रक यांचा जीव मुळातच आहे म्हणून त्यांच्यावर एवढं काम झालंय.

प्रश्न : आम्ही उचगावकडं रताळी करतो. पोरगं म्हणतंय रताळ्यात बॅक्टेरियाचे जीन आहेत. हे जीएम (जीन बदललेलं पीक) झालं की! शिवरात्रीला लोकांनी खायचं का नाही?

पोरगं बरोबर सांगतंय, पण घाबरू नका. 2015 मध्ये बेल्जियमच्या गेंट विद्यापीठानं आणि पेरूच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रानं इतरांसोबत मिळून लागवडीतले रताळ्याचे 291 प्रकार तपासले, त्या सगळ्यांत ॲग्रोबॅक्टेरियमचा टी-डीएनए निघाला, आणि जवळच्या जंगली भावंडांत तो नव्हता. काही प्रकारांत दुसरा एक तुकडाही आहे आणि त्यातले जीन वर सांगितलेल्या रोल घराण्याशी जुळतात. हे कुणी लॅबमध्ये केलेलं नाही, हजारो वर्षांपूर्वी मातीतच झालंय आणि माणसानं तेच वेल लावत लावत पुढं आणलेत. म्हणजे तुम्ही जूनमध्ये वेल तोडून सरीवर लावता तेव्हा तो तुकडाही सोबत लावता. शिवरात्रीला निर्धास्त खा आणि खायला घाला.

प्रश्न : एक ट्रेनिंगवाले म्हणतात घरी हेअरी रूटचं युनिट टाका, अश्वगंधाची मुळं आम्हीच विकत घेतो. पैसे भरू का? – अथणीहून एक गृहिणी

ताई, भरू नका. निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह, स्वच्छ हवेत काम करायला लॅमिनार, शेकर, चोवीस तास वीज आणि एसी लागतो, एका फ्लास्कमध्ये बुरशी शिरली की बॅच फेकायची. बॅक्टेरियाचं कल्चर चंदीगडच्या एमटीसीसी या जंतूंच्या संग्रहासारख्या ठिकाणाहून रीतसर मागवावं लागतं. एवढं करून मुळात विथॅनोलाइड (अश्वगंधातलं औषधी द्रव्य) किती आहे ते एचपीएलसी या लॅबमधल्या यंत्रावर मोजल्याशिवाय चांगला खरेदीदार हात लावत नाही. आणि जो माणूस सामान पण तुम्हालाच विकतो आणि माल पण मीच घेतो म्हणतो, त्याच्याकडं आधी घेतलेल्या मालाची बिलं मागा.

तुमच्याकडं अथणी, रायबाग बाजूला कोरडी, निचऱ्याची जमीन असेल तर अश्वगंधा शेतातच करा. जुलै-ऑगस्टला पेरा, पाच-सहा महिन्यांनी पानं पिवळी पडून फळं लाल झाली की मुळासकट काढा, मान कापून मुळं धुऊन वाळवा, जाड आणि बारीक वेगवेगळी बांधा. पहिल्या वर्षी थोड्याच जागेत करून बघा आणि पेरायच्या आधी धारवाडच्या कृषी विद्यापीठात बियाण्याची चौकशी करा.